मार्टिनपर्यंतची वाट

अब्बासियातल्या आमच्या खोलीपासून कंपनीच्या बसचा थांबा बर्नाबापर्यंत होता. कोपऱ्यावरचा बकाला, म्हणजे आमचं किराणा दुकान, पेद्रू-पावलूच्या आतच यायचा. फरवानियाला चालत जायचं तर सगळे प्रेषित, सगळे रक्तसाक्षी, सगळे बिशप संपवून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागायची.

कुवेतला उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी मी काकांना, म्हणजे खोलीतल्या सगळ्यात वयस्कर सोबत्यांना, विचारलं, "काका, थांबा किती लांब आहे?"

ते बुटाची नाडी बांधत होते. वर न बघता म्हणाले, "बर्नाबा. रेंगाळलास तर लुका."

मला वाटलं, ही दुकानांची नावं असणार. मी बर्नाबा नावाची पाटी शोधत एक गल्ली पुढे गेलो, मग आणखी एक गल्ली, आणि पहिल्याच दिवशी माझी बस चुकली. संध्याकाळी खोलीतले बाकीचे पाचही जण हसले. आमच्यातला मालवणकडचा सुतार म्हणाला, "तुका सांगूक व्हया होता. ह्यांचा मीटर येगळो आसा."

काकांचा मीटर म्हणजे लदीन. संतांच्या नावांची लांबलचक माळ. पुढचा माणूस सुरात एक नाव घेतो, मागून येणारे सगळे "ओरा प्रो नोबिस" म्हणतात, आमच्यासाठी प्रार्थना कर, की लगेच पुढचं नाव. भाषा लातिन. काकांचं गाव वसईकडचं. तिथे त्यांच्या तरुणपणापर्यंत दर वर्षी पंचवीस एप्रिलला आणि त्यानंतर पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या, सणाच्या हिशेबाने येणाऱ्या तीन दिवसांत गावची माणसं ही माळ म्हणत वाड्यांमधून चालायची. पानमळ्यांच्या कडेने, केळींच्या मधून, शिवेवरच्या क्रुसापर्यंत आणि तिथून बावखलापर्यंत. बावखल म्हणजे वाड्यांना पाणी पुरवणारं गावचं गोड्या पाण्याचं तळं. वाडी पिको, पाणी राहो, वीज-वादळ टळो, एवढंच मागणं. ही रीत हजार-दीड हजार वर्षांची. फ्रान्सात कुठल्याशा गावाला भूकंपांनी आणि आगींनी घेरलं, लांडगे रस्त्यावर फिरायला लागले, तेव्हा तिथल्या बिशपने लोकांना घरातून काढून शेतांमधून चालवलं, असं काका सांगायचे. लांडग्यांचं मात्र ते फार खुलवून सांगायचे, जणू आदल्या आठवड्यात अब्बासियातच पाहिले होते.

मला हे सगळं तेव्हा असह्य व्हायचं. आमच्या घरात देव्हारा नव्हता, छापखाना होता. वडील पायाने चालवायच्या यंत्रावर गिरणी कामगारांची, धरणग्रस्तांची, अंधश्रद्धेविरुद्धची पत्रकं छापायचे. मी वाचायला शिकलो तो पत्रकांवर. "तोंडातून निघालेल्या प्रत्येक शब्दाखाली आपली सही असते," हे वडिलांचं वाक्य मी घर सोडताना बॅगेत घालून आणलं होतं. त्यामुळे खोलीत कुणी सहज "देवाची कृपा" म्हणालं तरी मी वाद काढायचो. माझं वय चोवीस होतं.

काकांशी पहिला वाद बायकांवरून झाला. लदीनमध्ये आधी देवदूत, मग प्रेषित, रक्तसाक्षी, बिशप, संन्यासी, आणि सगळ्यात शेवटी आगाता, लुसी, आग्नेस, सेसिलिया. मी म्हणालो, "काका, तुमच्या स्वर्गातही बायका रांगेत शेवटीच का?"

काका विचारात पडले. त्यांना कुणी चिडवतंय हे त्यांच्या लक्षातच येत नसे, प्रत्येक प्रश्न ते खराच समजायचे. थोड्या वेळाने म्हणाले, "कारण बावखल शेवटी आहे. बायका पाण्यापाशीच असायच्या. आम्ही पोचेपर्यंत त्यांची नावं यायला नकोत?"



आम्ही दोघं एकाच कंपनीत होतो. कंपनी बंगल्यांना आणि शाळांना बागा करून द्यायची. मी पाण्याच्या नळ्यांचे नकाशे काढायचो आणि टेप घेऊन मोजमापं करायचो. काका राई नावाच्या भागातल्या आमच्या नर्सरीत रोपं सांभाळायचे. आजूबाजूला गॅरेजं, गोदामं, मोटारींचे शोरूम, आणि मधेच हिरव्या जाळीखालचा आमचा तो ओलसर तुकडा. जाळीतून ऊन असं झिरपायचं की आत गेलेला माणूस पाण्याखाली चालल्यासारखा दिसायचा. काका तर फारच. उंच, किडकिडीत, कानांच्या पाळ्या मोठ्या, हातात कायम कात्री. आमचे मुदीर, म्हणजे साहेब, इजिप्तचे होते. ते काकांना "अबू शजर" म्हणायचे. झाडांचा बाप.

इराकबरोबरची लढाई संपली त्या वर्षी परत आलेल्या पहिल्या माणसांत काका होते, असं जुनी माणसं सांगत. तेलाच्या विहिरी तेव्हा जळत होत्या. दुपारी दिवे लावावे लागत. नर्सरीत जी काही झाडं तगली होती त्यांच्या पानांवर काजळीचा थर बसला होता. पाणी थोडं होतं. काकांनी एक ओलं फडकं घेतलं आणि एकेक झाड पुसायला घेतलं, एका झाडाला एक नाव. माळ संपली की पुन्हा पहिल्यापासून. किती दिवस ते कुणालाच सांगता येत नाही. मी त्यांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "दिवस नाही मोजले. अनास्तासियाच्या वाट्याला दर वेळी तीच बोगनवेल यायची. ती अजून आहे." आणि खरंच, फाटकाजवळ एक बोगनवेल होती, बाकीच्यांपेक्षा दुप्पट वाढलेली.

माझ्या पहिल्या वसंतात, पंचवीस एप्रिलच्या सकाळी, मी त्यांना नर्सरीत चालताना पाहिलं. बस नुकतीच पोचली होती. हवेत बारीक धूळ होती. कुंड्यांच्या रांगांमधून ते हळू चालत होते, हातात दुमडलेली वही, देवनागरीत लिहिलेलं लातिन. एक नाव गायचे आणि गप्प व्हायचे. पाऊल चालूच. मग पुढचं नाव. आवाज चांगला नव्हता, पण त्यात घाई नव्हती. त्या गप्प जागेत पाण्याच्या नळ्यांची टपटप ऐकू यायची.

"मधे थांबता का?" मी नंतर विचारलं.

"उत्तराची जागा आहे ती."

"पण उत्तर देतंय कोण?"

"जागा सोडायची, पोरा. ती भरून टाकली तर कुणी आलंच तर ते म्हणणार कुठे?"

चर्चमधल्या फादरनी त्यांना सांगितलं होतं की या मिरवणुका आता कॅलेंडरात सक्तीच्या नाहीत, आणि रस्त्यावर मिरवणूक काढणं तर इथे शक्यच नाही. काकांनी दोन्ही गोष्टी मान्य केल्या. मला मात्र म्हणाले, "कॅलेंडरातून गेलं असेल. वाडीतून थोडंच गेलंय."

गावच्या वाडीतूनही ते जायला निघालं होतं, हे पुढच्या वर्षी कळलं.

एप्रिल सुरू झाला होता. काकांच्या पुतणीचं पत्र आलं. ती गावातल्या शाळेत शिक्षिका होती. पत्र काकांनी तीनदा वाचलं आणि मला दिलं. कुणा बिल्डरने शिवेपर्यंतच्या वाड्या घेतल्या होत्या. बावखल डबराने बुजवलं होतं. क्रूस कधीच पडला होता, त्याचा दगडी चौथरा भरावाखाली गेला होता. आता पावसाआधी आडवी भिंत उभी राहणार होती, म्हणजे चर्चपासून शिवेपर्यंतची गावची वाट बंद. पलीकडे अजून अकरा घरांच्या वाड्या होत्या, त्यांना दुसरा रस्ता नव्हता. वाट कागदावर कुठेच नव्हती, नुसती वहिवाट. तहसीलदार कचेरीतले साहेब म्हणाले होते, क्रुसाचा चौथरा दाखवा, तिथपर्यंत गाव जात होतं हे मानू. तीन म्हाताऱ्यांनी तीन जागा दाखवल्या. सगळीकडे खणायला बिल्डर देईना. एकच खड्डा, तोही साहेबांसमोर.

पत्राच्या शेवटी पुतणीने लिहिलं होतं, "काका, तुम्ही मिरवणुकीत पुढे गात चालायचात. तुम्हाला जागा आठवत असेल."

काका म्हणाले, "माझे डोळे वहीत असायचे. मला काय दिसणार?"

त्यांनी मुदीरकडे इजाजा मागितली, पंधरा दिवसांची रजा. वसंत म्हणजे आमच्या कामाचा ऐन हंगाम. मुदीर वाईट माणूस नव्हते, पण त्यांनी मान हलवली. "बाद सैफ, अबू शजर." उन्हाळ्यानंतर.

मी पेटलो. रात्रभरात नव्हे, एका जेवणाच्या सुट्टीत मी दोन पानी पत्रक लिहिलं. भांडवल, जमीन, गावाचा हक्क, प्रशासनाची मिलीभगत, सगळं. वडिलांनी पाहिलं असतं तर लगेच खिळे जुळवायला बसले असते. काकांनी ते चष्मा लावून शांतपणे वाचलं.

"शिव्या छान आहेत," ते म्हणाले. "वाट कुठे आहे?"

"म्हणजे?"

"यात वाट कुठे आहे? चौथरा किती अंतरावर आहे ते कुठे लिहिलंयस?"

"ते तुम्हालाच माहीत नाही म्हणता."

"मला नाही. पायांना माहीत आहे." ते थोडे लाजले. "चर्चच्या दारातून निघालं की समुद्राच्या बाजूला सरळ. क्रूस मार्टिनला यायचा. दर वर्षी. लहानपणापासून. मार्टिन म्हटलं की समोर क्रूस. तू टेप घेऊन मोजतोस ना? मग मार्टिन मोज."

ही कल्पना मला इतकी आवडली की मी देवाधर्माचं विसरलो. चर्चचं दार जागच्या जागी होतं, दिशा ठरलेली होती, हवा होता तो फक्त एक आकडा. तो आकडा त्या गाण्यात होता, आणि मी तो बाहेर काढणार होतो.

दुसऱ्या दिवशी कामानंतर आम्ही नर्सरीच्या कुंपणालगतच्या कच्च्या वाटेवर उभे राहिलो. फाटकाजवळचा नळ म्हणजे चर्चचं दार. काकांनी वही उघडली आणि माझ्याकडे बघितलं. "तू फक्त उत्तर दे."

"मी नाही देणार, काका."

"दोन शब्द तर आहेत. तीन."

"ज्यावर माझा विश्वास नाही ते मी म्हणणार नाही. मोजून देतो. म्हणणार नाही."

काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बरं. टेप धर."

ते गात गेले, मी मागून टेप सोडत गेलो. मार्टिनचं नाव खजुराच्या तिसऱ्या झाडापाशी आलं. मी तिथे खुंटी मारली, मोजलं, तीनदा तपासलं. मुदीरना विचारून ऑफिसातून गावच्या शाळेला फॅक्स पाठवला. नकाशासकट, बाणासकट, माझ्या सुवाच्य अक्षरात. पत्रकही जोडलं.

पाच दिवसांनी काका फोन करून आले. बूथ बकाल्याच्या बाजूलाच होता, पण परत यायला त्यांना खूप वेळ लागला.

"काही नाही निघालं," ते म्हणाले. "पुरुषभर खणलं. डबर, मग चिखल. बिल्डरचा माणूस म्हणाला, तुमचे संत मोजणीला आले होते वाटतं. सगळे हसले म्हणे. आपली माणसंसुद्धा."

"मग आता?"

"पुतणीने साहेबांच्या हातापाया पडून आणखी एक वेळ मागून घेतलीय. पंधरा दिवसांनी. त्यानंतर भिंत."

ते कॉटवर बसले.   थोड्या वेळाने रत्नागिरीकडचा आमचा ड्रायव्हर आत आला, त्याला यातलं काही माहीत नव्हतं. त्याने नेहमीप्रमाणे थट्टेने विचारलं, "चाचा, ते नवीन इलेक्ट्रिकचं दुकान किती लांब? कुठल्या संतापर्यंत?"

काका म्हणाले, "अर्धा किलोमीटर असेल."

 ड्रायव्हर माझ्याकडे बघायला लागला. मी खिडकीकडे तोंड केलं.

पुढचा आठवडाभर ते तसेच बोलत राहिले. दहा मिनिटं. दोन सिग्नल. तीनशे मीटर. नर्सरीत पाणी घालताना ओठ हलत नसत. मला त्यांची ती बरोबर उत्तरं सहन होईनात. मी जन्मभर माणसांनी असंच बोलावं म्हणून भांडत आलो होतो.

मग एका सकाळी आम्ही थांब्याकडे निघालो. खोलीतले सहा जण आणि वरच्या मजल्यावरचे चार-पाच, सगळे एका ओळीत, फुटपाथ अरुंद म्हणून. सुतार पुढे होता. त्याने मागे न बघता ओरडून विचारलं, "डबो घेतलास काय रे?" प्रश्न माझ्यासाठी होता, पण तो मागच्यांनी माझ्यापर्यंत पोचवला, मी "घेतला" म्हणालो, आणि ते पुढे पोचेपर्यंत सुतार चांगला आठ-दहा पावलं पुढे गेला होता. त्याने पुन्हा विचारलं. मी फुटपाथवरच थांबलो.

बसमध्ये मी काकांच्या शेजारी बसलो. "काका, गावच्या मिरवणुकीत किती माणसं असायची?"

"शंभर. कधी दीडशे."

"वाट रुंद होती?"

"कसली रुंद. एकामागे एक. दोन्हीकडे पानमळे."

"मग तुम्ही नाव घेतलं की उत्तर लगेच यायचं?"

काका खिडकीबाहेर बघत होते. बाहेर धुळीत गोदामांची छपरं तरंगत होती. "लगेच कसं येईल," ते सावकाश म्हणाले. "जवळचे आधी म्हणायचे. मग मागचे. मग त्यांच्या मागचे. सूर लांबत लांबत जायचा. शेवटच्या म्हाताऱ्या बायकांचं संपेपर्यंत पुढचं नाव घ्यायचं नाही, असं मास्तर बजावायचे."

"आणि तोवर पाय?"

"पाय चालूच." एवढं बोलून ते माझ्याकडे वळले.  "पोरा, मी एकट्यापुरती जागा सोडली. एका माणसाच्या उत्तराएवढी."

"तेवढीसुद्धा मी भरली नाही," मी म्हणालो.

मार्टिन आणखी पुढे होता. किती पुढे, ते शंभर माणसांशिवाय कळणार नव्हतं.

शुक्रवारी सुट्टी. सकाळी लवकर, ऊन तापायच्या आत, नर्सरीच्या आवारात एकवीस माणसं जमली. आमच्या खोलीतले, वरच्या मजल्यावरचे, नर्सरीत राहणारे बांगलादेशी माळी, दोन मल्याळी. त्यातला एक चर्चला जाणारा होता, बाकी कुणाचा लातिनशी काडीचा संबंध नव्हता. सुतार म्हणाला, "शंभर खंय आसत? एकवीस आसव आमी."

काकांनी माणसांना लांब लांब उभं केलं. प्रत्येकाच्या मधे पाच-सहा कुंड्यांचं अंतर. शेवटचा माणूस पार खतांच्या ढिगाजवळ. "शंभर माणसं नाहीत," ते म्हणाले, "पण शंभर माणसांची लांबी झाली. पुढच्याचं ऐकू आल्याशिवाय आपण म्हणायचं नाही."

ड्रायव्हर चुळबुळत होता. "चाचा, मी ते संतांचं नाही म्हणणार हां. बुरा मत मानना. मी आमीन म्हणेन."

"म्हण. पण लांबव. इतकं." काकांनी सूर धरून दाखवला.

"हो, लांबवतो."

मग ते माझ्यापाशी आले. काही विचारलं नाही, नुसते उभे राहिले. मी म्हणालो, "काका, मी 'वाट आमची आहे' म्हणेन. मोजलंय मी. तेवढंच भरतं."

काकांनी ते ओठांत दोनदा म्हणून पाहिलं. "भरतं," ते म्हणाले. "त्याच सुरात म्हण."

त्या दिवशी धुळीमुळे सूर्य तांदळाच्या भाकरीसारखा पांढरा दिसत होता. सावल्या नव्हत्या. काकांनी नळाला हात लावला, आणि पहिलं नाव घेतलं. त्यांच्या मागे मल्याळी चर्चवाला, त्याने खणखणीत उत्तर दिलं, त्याच्या मागे सुतार, न कळणारं लातिन मालवणी हेल काढून म्हणत, मग मी, मग ड्रायव्हरचं लांबवलेलं आमीन, आणि मग बांगलादेशी माळ्यांची नुसती गुणगुण, जी मागे मागे सरकत बोगनवेलींच्या पलीकडे कुठेतरी विरून गेली. ती विरेपर्यंत काका गप्प चालत होते. मग दुसरं नाव. हिरव्या जाळीतून गाळून आलेला तो उजेड, पायांखालची ओली माती, पुढून निघून मागे जाणारा आणि मागून काहीच परत न येणारा तो आवाज. मी टेप धरून चालत होतो आणि मला मी कुठल्या देशात आहे ते सांगता आलं नसतं. देवदूत गेले. प्रेषित गेले. स्तेफान, लॉरेन्स. मी दर वेळी म्हणत होतो की वाट आमची आहे, आणि चोविसाव्या-पंचविसाव्या वेळेनंतर ती घोषणा राहिली नव्हती. मी ते कुणाला सुनावत नव्हतो. मी ते मागत होतो.

तेवढ्यात फाटकापाशी मुदीरची गाडी उभी राहिली. ते उतरले आणि आमची ती लांब ओळ बघून जागीच थांबले. मला वाटलं, संपलं. इथे नुसतं घोळक्याने उभं राहिलं तरी प्रश्न येतात.

"इदराब?" त्यांनी विचारलं. संप?

काका गाणं तोडू शकत नव्हते. त्यांनी चालता चालता डोक्याने नाही म्हटलं. ड्रायव्हर ओळीतून ओरडला, "ला, मुदीर. दुआ. पाण्यासाठी, झाडांसाठी."

मुदीर थोडा वेळ ऐकत राहिले. त्यांच्याकडेही पाऊस लांबला की लोक उघड्यावर जमून दुआ मागतात. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली, एकदा पुटपुटल्यासारखं आमीन म्हटलं आणि गाडीत जाऊन बसले. आमचं संपेपर्यंत बाहेर आले नाहीत.

खजुराचं तिसरं झाड आलं तेव्हा काका अजून ग्रेगरीवर होते. माझी जुनी खुंटी पायाखालून मागे गेली. अम्ब्रोस, ऑगस्टिन, जेरोम. मार्टिन आला तो पाण्याच्या टाकीपाशी. काका थांबले. त्यांनी समोर बघितलं, जणू तिथे काही असायला हवं होतं, आणि मग क्रुसाची खूण केली.

मी खुंटी मारली. दोन खुंट्यांत छत्तीस मीटरचा फरक होता.

या वेळी फॅक्सला पत्रक जोडलं नाही. फक्त आकडा, आणि खाली काकांची सही. त्यांनी पेन माझ्या हातात दिलं. "तूही कर." मी केली.

पुतणीचा फोन बकाल्याच्या बाजूच्या बूथवर आला. काकांनी मलाही आत घेतलं, रिसीव्हर दोघांच्या कानांमधे धरला. तिचा आवाज दमलेला होता.

"काका, निघाला. गुडघाभर खाली. एक कोपरा तुटलाय, पण मेणबत्त्यांचं मेण अजून आहे दगडात. साहेबांनी बोटाने खरवडून पाहिलं."

"आणि भिंत?"

"वाट सोडून बांधणार. पंचनामा झाला. आपली माणसं रडत होती. बावखल मात्र गेलं काका. ते काही परत मिळत नाही."

काका म्हणाले, "मग बायकांची नावं कुठे घेणार?"

"भरावावरच उभं राहून घेऊ."

"हां. तिथेच घ्या. मोठ्याने घ्या." मग त्यांनी विचारलं, "आणि तो आधीचा खड्डा?"

"त्यात केळ लावलीय. आयता खणलेला खड्डा वाया कशाला घालवायचा?"

काका हसले. बूथमधून बाहेर आलो तेव्हा सुतार वाट बघत उभा होता. "फरवानियात जावन येवया? मासळी बघूक. लय लांब आसा काय ओ?"

"पहिल्यांदा आग्नेसपर्यंत," काका म्हणाले, "आणि मग परत पेद्रूपासून."

दोन वर्षांनी ते कायमचे गावी गेले. त्यांना निरोप द्यायला गेलो तेव्हा मी विचारलं की इथून गाव किती. ते म्हणाले, त्यांच्या मास्तरांनी सांगितलं होतं की फार जुन्या काळी मोठ्या संकटात एकेक नाव सात सात वेळा म्हणत. "तसं म्हणत गेलं तर, मला वाटतं, पुरेल."

मी माझ्या पहिल्या लांब रजेत त्यांच्या गावी गेलो. कळवलं नव्हतं. उन्हं कलली होती. चर्चचं दार सापडलं, आणि तिथून समुद्राकडे निघालेली वाट. दोन्ही बाजूंना सिमेंटच्या भिंती, मधे दोन माणसं जेमतेम जातील एवढी जागा. कुणी आसपास नव्हतं, म्हणून मी नावं घ्यायला सुरुवात केली. मनात नव्हे, तोंडाने. आणि प्रत्येक नावानंतर माझं ते उत्तर. विश्वासाचं म्हणाल तर माझ्यात काही बदल झालेला नाही. पण ती नावं मला पाठ होती आणि पाय आपोआप संथ पडत होते.

भिंती संपल्या. उघडं रान आलं. मी मार्टिन म्हणालो आणि थांबलो. समोर चौथरा नव्हता. आधीच्या खड्ड्यातल्या त्या केळीचं दाट बेट झालं होतं, त्याला घड लागलेला.

बेटाच्या पलीकडे, बरंच पुढे, वाटेच्या कडेला एका तुटक्या कोपऱ्याच्या चौथऱ्यावर काका बसले होते. हातात कात्री. मोठे कान मावळतीच्या उन्हात लाल झालेले. त्यांनी मला केळीपाशी उभं राहिलेलं पाहिलं आणि तिथूनच हाक मारली.

"एकटाच आलास ना?"